महागाई घरची, व्याज बँकेचं

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं सातारा-सांगली पट्ट्यातली आहेत. कुणी निवृत्त, कुणी कारखान्यात कामाला, कुणी ऊस-हळदवाले. प्रत्येकाची अडचण वेगळी, पण शेवटी सगळे एकच विचारतात : वस्तू महागतायत, ठेवींचे दर उतरतायत, बाजाराचा भरवसा नाही, तर पैसा ठेवायचा कुठे? सगळ्यांना पुरेल असं एक उत्तर नाही. हा पैसा कधी लागणार आणि तुमची कमाई महागाईबरोबर वाढते की नाही, या दोन गोष्टी कळल्या की निम्मं उत्तर मिळतं. खाली दिलेले व्याजदर आणि करांचे नियम पैसे भरण्याआधी एकदा पोस्टात किंवा बँकेत विचारून घ्या, कारण त्यातले काही दर तिमाहीला बदलू शकतात.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. पेन्शन ४२ हजार, घरखर्च ४० हजार. साठवलेल्या ४० लाखांपैकी २२ लाख एका नागरी सहकारी बँकेत, १२ लाख पतसंस्थेत ९ टक्क्यांनी आणि ६ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत. मध्यंतरी महागाई एक टक्क्याच्याही खाली गेल्याचं पेपरात वाचलं. मग माझा खर्च का वाढतोय? आणि मुलगा म्हणतो तसं निम्मे पैसे शेअर बाजारात टाकावेत का? — एक वाचक, कोरेगाव

सर, पेपरातला आकडा खरा होता आणि तुमचा अनुभवही खरा आहे. ऑक्टोबर २०२५ ची किरकोळ महागाई ०.२५ टक्के नोंदली गेली. पण तो आकडा आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरशी केलेल्या तुलनेचा असतो. आदल्या वर्षी भाज्या कडाडलेल्या होत्या, त्या उतरल्या आणि आकडा कोसळला. २०१२ हे पायाभूत वर्ष धरणाऱ्या त्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा सुमारे ४६ टक्के आणि आरोग्याचा जेमतेम ६ टक्के होता. सत्तरीकडे झुकलेल्या घरात हे प्रमाण असं नसतं.

म्हणून आधी स्वतःच्या घरची महागाई काढा. मागच्या बारा महिन्यांचा आणि त्याआधीच्या बारा महिन्यांचा खर्च पाच रकान्यांत मांडा. उदाहरणादाखल ४० हजारांचं घर घेऊ. किराणा, भाजी, दूध १४ हजार, वाढ ५ टक्के. औषधं, तपासण्या, विम्याचा हप्ता ९ हजार, वाढ १२ टक्के. वीज, गॅस, पेट्रोल, मोबाइल ६ हजार, वाढ ३ टक्के. घरकामाची बाई आणि दुरुस्त्या ५ हजार, वाढ ८ टक्के. प्रवास, आहेर, सणवार ६ हजार, वाढ ६ टक्के. प्रत्येक वाढीला त्या रकान्याच्या वाट्याने गुणून बेरीज केली की ६.८ टक्के येतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण या वयात औषधांचा रकानाच बहुधा सगळा हिशेब वर ओढतो. विम्याचा हप्ता वयाचा टप्पा ओलांडला की एकदम उडी मारतो. त्यामुळे एकाच वर्षाचा आकडा धरून घाबरू नका, तीन वर्षांची सरासरी काढा.

आता व्याजाकडे येऊ. ७ टक्क्यांची ठेव आणि ६.८ टक्क्यांची घरची महागाई असेल तर मुद्दल जागच्या जागी राहतं, तेही व्याजाला हात लावला नाही तरच. व्याज खर्चून टाकलं, तर ६ टक्के महागाईने आजच्या ४० लाखांची किंमत पंधरा वर्षांनी आजच्या १६ लाख ७० हजारांएवढी उरेल. पासबुकात मात्र ४० लाखच दिसत राहतील. ठेवीवाल्याचं नुकसान असं न दिसता होतं, म्हणून ते फार जण मोजत नाहीत.

पण तुमच्याकडे एक गोष्ट अशी आहे जी कुपवाडच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाकडे नसते. तुमच्या पेन्शनवर महागाई भत्ता आहे आणि तो महागाई निर्देशांकाप्रमाणे वाढत राहतो. खासगी नोकरीतली ईपीएस ९५ ची पेन्शन एकदा ठरली की तेवढीच राहते. म्हणजे महागाईशी झुंजण्याचं मोठं काम तुमची पेन्शनच करते. घरखर्चही तिच्यात भागतो. म्हणून निम्मे पैसे शेअर बाजारात टाकण्याची तुम्हाला गरज नाही. मुलाचा मुद्दा त्याच्या वयाला बरोबर आहे, तुमच्या नाही. ५ ते ७ लाख हवं तर गुंतवा, त्याहून जास्त नको.

आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची : पैसा एका जागी साचला आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंतच देतं. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी एक लाख होती. सगळ्या शाखा मिळून एकच बँक धरतात, त्यामुळे कोरेगाव आणि सातारा अशा दोन शाखांत ठेवी केल्याने विमा दुप्पट होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये कऱ्हाड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हा बहुसंख्य ठेवीदार या मर्यादेच्या आत होते म्हणून त्यांना पूर्ण रक्कम मिळणं शक्य झालं. तुमचे २२ लाख त्या मर्यादेच्या चौपटीहून जास्त आहेत. आणि पतसंस्थेच्या ठेवीला तर या विम्याचं संरक्षणच नाही. बँकेपेक्षा तिथे मिळणारे दोन टक्के जास्त हे त्या जोखमीचे पैसे आहेत. संस्था चांगली असेलही, पण १२ लाख तिथे नकोत.

आम्ही अशी मांडणी करू. २० लाख पोस्टाच्या किंवा राष्ट्रीयीकृत बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एका व्यक्तीला ३० लाखांची मर्यादा आहे. दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के चालत आलेला आहे, आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम राहतो. २० लाखांवर दर तिमाहीला ४१ हजार मिळतात. एक गोष्ट ध्यानात ठेवा : वर्षाच्या आत मोडलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं व्याज मुद्दलातून कापून घेतात. एक ते दोन वर्षांत मोडलं तर मुद्दलाच्या दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का कपात होते.

८ लाख रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बचत रोख्यांत. यांचा दर राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरापेक्षा ०.३५ टक्क्याने जास्त असतो आणि १ जानेवारी व १ जुलैला पुन्हा ठरतो. दर वाढले तर व्याज वाढेल, उतरले तर उतरेल. मुदत सात वर्षं, पण साठ ते सत्तर वयोगटाला सहा वर्षांनी दंड भरून बाहेर पडता येतं. त्याआधी नाही, म्हणून दवाखान्यासाठी राखलेला पैसा इथे टाकू नका. ६ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत आहेत ते तसेच राहू द्या, फक्त दोन-दोन लाखांच्या तीन पावत्या करा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. उरलेले ६ लाख निफ्टी ५० च्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसा वाटणाऱ्या, निर्देशांक फंडात, एकरकमी नव्हे तर दरमहा ४० हजार असे पंधरा महिने. सात वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर.

हलवाहलव करताना आधी पतसंस्था, मग सहकारी बँक. पावत्या मुदतीआधी मोडू नका. मुदत संपेल तसतशा काढा. एखाद्या पावतीची मुदत दोन वर्षं लांब असेल तरच मोडण्याचा दंड आणि जोखीम यांची तुलना करा. सहकारी बँकेशी जुना संबंध असेल तर साडेचार लाख तिथे राहू द्या, व्याज धरून पाचाच्या आत बसतील. तेवढे रोख्यांतून किंवा फंडातून कमी करा.

तुमचं वर्षाचं एकूण उत्पन्न नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या खूप खाली राहतं, त्यामुळे कर लागणार नाही. पण एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखावर गेलं की बँक टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो टाळण्यासाठीचं स्वयंघोषणापत्र, ज्याला आपण आजवर १५एच म्हणत आलो, एप्रिलमध्येच प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगवेगळं द्या. एका ठिकाणी दिलं म्हणजे सगळीकडे चाललं, हा फार नेहमीचा गैरसमज आहे.

प्रश्न : आम्ही दोघंही कुपवाड एमआयडीसीत कामाला आहोत, वय ३४ आणि ३१. दोघांचे मिळून ७० हजार हातात येतात. २५ लाखांचं गृहकर्ज, हप्ता १९,४०० रुपये. पाच फंडांत मिळून दरमहा १५ हजारांची एसआयपी (ठरावीक हप्त्याची गुंतवणूक). कंपनीत ऑर्डरी कमी झाल्यात, ओव्हरटाइम बंद आहे. बाजारही हलतोय. एसआयपी बंद करावी का? बँकेत फक्त ४० हजार आहेत, फंडांत ४ लाख २० हजार. — एक दांपत्य, सांगली

बाजार हलतोय म्हणून बंद करू नका. ऑर्डरी कमी झाल्यात म्हणून कमी मात्र जरूर करा. ही दोन कारणं वेगळी आहेत आणि लोक नेमकी त्यांचीच सरमिसळ करतात.

२० जानेवारी २०२० ला १२,३०० च्या वर गेलेला निफ्टी २३ मार्चला ७,६१० वर आला. दोन महिन्यांत सुमारे ३८ टक्के घसरण. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो जुन्या उंचीच्या पलीकडे गेला. मार्चमध्ये ज्यांनी हप्ते थांबवले त्यांची सर्वांत स्वस्त युनिटं हुकली. पण दर वेळी आठ महिन्यांत सगळं भरून निघतं असंही कुणी सांगत असेल तर ऐकू नका. जानेवारी २००८ मधली २१ हजारांची पातळी सेन्सेक्सला टिकाऊपणे मागे टाकायला जवळपास सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत ज्याची नोकरी गेली आणि ज्याला युनिटं विकावी लागली, त्याला शेअर बाजार दीर्घ मुदतीत वाढतो हे वाक्य काही कामाचं नव्हतं.

तुमचा घरखर्च ३० हजार आणि हप्ता मिळून महिन्याला ५० हजार जातात. सहा महिन्यांचे ३ लाख हाताशी हवेत, आहेत ४० हजार. दोघांची नोकरी एकाच औद्योगिक वसाहतीत आहे, म्हणजे मंदी आली तर दोन्ही पगारांवर एकदम येऊ शकते. म्हणून आधी हा खड्डा भरा. पाचपैकी चार एसआयपी थांबवा, ३ हजारांची एक चालू ठेवा. वाचलेले १२ हजार दरमहा बाजूला टाका. एवढ्याने ३ लाख व्हायला पावणेदोन वर्षं लागतील, आणि इतका वेळ तुमच्याकडे असेलच असं नाही. म्हणून वर्षाहून जुन्या युनिटांपैकी लाखभराची विका. इक्विटी फंडात वर्षभर ठेवलेल्या युनिटांवरचा नफा आर्थिक वर्षात १ लाख २५ हजारांपर्यंत करमुक्त असतो. तुमचा एकूण नफा त्याच्या आत असेल तर कर पडणार नाही. वर्षाच्या आतली युनिटं विकू नका. तिथे नफ्यावर २० टक्के कर आहे, शिवाय बहुतेक फंड लवकर काढल्याचं शुल्क, म्हणजे एक्झिट लोडही कापतात. दिवाळीचा बोनस सरळ याच खात्यात टाका.

हे ३ लाख कुठे ठेवायचे? एक महिन्याचा खर्च बचत खात्यात, दोन महिन्यांचा स्वीप ठेवीत (बचत खात्याला जोडलेली, लागेल तेवढीच मोडणारी ठेव), उरलेला लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसा ठेवणारा फंड). काही लिक्विड फंडांतून दिवसाला ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, जे कमी असेल तेवढे, लगेच खात्यात येतात.

एसआयपी बंद करताना फंडाच्या साइटवरून किंवा ॲपवरून रीतसर रद्द करा. खात्यात पैसे न ठेवता हप्ता परत जाऊ देऊ नका. बँक प्रत्येक वेळी दंड लावते, आणि सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी आपोआप रद्द होते ती वेगळीच. पुढे घडी बसल्यावर पुन्हा पाच फंडांच्या मागे लागू नका. तुमच्या यादीत तीन लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे, फंड आहेत. तिन्हींच्या वरच्या दहा कंपन्या उघडून पाहा. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स हीच नावं फिरून फिरून दिसतील. एक निर्देशांक फंड आणि एक फ्लेक्सी कॅप (लहान-मोठ्या सगळ्या कंपन्यांचा) एवढं पुरे.

गृहकर्जाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण महागाईचा सर्वांत मोठा फटका तिथेच बसतो. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेतून घेतलेलं बदलत्या दराचं गृहकर्ज बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशी (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर), बांधलेलं असतं आणि किमान तीन महिन्यांतून एकदा बदलतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाई आवरण्यासाठी रेपो अडीच टक्क्यांनी वाढला, ४ वरून ६.५ वर गेला. २०२५ मध्ये तो ५.२५ पर्यंत उतरला. दर वाढले की बहुतेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. त्यामुळे कर्जदाराला पत्ताच लागत नाही. तुमचा हप्ता ७ टक्क्यांनी वीस वर्षांचा आहे. हेच २५ लाख ९ टक्क्यांवर गेले आणि हप्ता १९,४०० च राहिला तर कर्ज फिटायला वीस नव्हे, अडतीस वर्षं लागतील. वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता साधारण २२,५०० करावा लागेल. म्हणून दर वाढल्याचा एसएमएस आला की शाखेत जाऊन मुदत तीच ठेवून हप्ता वाढवून मागा. आणि आत्ता दर उतरलेले असताना तुमच्या कर्जात ती घट उतरली आहे का, हेही पाहा. २०१९ च्या आधीची एमसीएलआरवाली, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या दराशी बांधलेली, कर्जं आणि गृहवित्त कंपन्यांची कर्जं यात मागे राहतात. अशा वेळी थोडं शुल्क भरून कर्ज नव्या पद्धतीत वळवता येतं का ते विचारायचं.

कंपनीच्या गट आरोग्य विम्यावर दोघंही अवलंबून असाल तर स्वतःची कौटुंबिक पॉलिसी नोकरी चालू असतानाच घ्या. नोकरी गेली की तो विमा जातो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असतो.

प्रश्न : सोनं एवढं वाढलंय की आता घेतलं नाही तर कधीच घेता येणार नाही असं वाटतं. ३ लाख आहेत. दागिने करावेत की ईटीएफ? चांदी घ्यावी का? घरात १२ तोळे आधीच आहेत. — एक गृहिणी, विटा

ताई, देशभर गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, धंदा करणाऱ्या विट्यात सोन्याच्या शुद्धतेवर आम्ही बोलणं बरं दिसणार नाही. म्हणून फक्त पैशाचा हिशेब मांडतो. तोळ्याला १ लाख भाव धरू, म्हणजे गणित सोपं होईल. १२ टक्के घडणावळ म्हणजे १२ हजार. १ लाख १२ हजारांवर ३ टक्के जीएसटी ३,३६०. बिल झालं १ लाख १५ हजार ३६०. विकायला गेलात तर घडणावळ आणि कर दोन्ही परत मिळत नाहीत, उलट घट धरतात. म्हणजे सोनं १५ टक्के वाढलं की तुम्ही शून्यावर येता. अंगावर घालायचं असेल तर दागिना जरूर करा, हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी क्रमांक, एचयूआयडी, पाहून घ्या. पण त्याला गुंतवणूक समजू नका. घरातले १२ तोळेही या हिशेबात धरू नका, कारण मुलीच्या लग्नाशिवाय ते तिजोरीतून बाहेर पडणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे.

गुंतवणूकच करायची तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा घेता-विकता येणारा सोन्याचा फंड. डीमॅट नसेल तर गोल्ड फंड. ईटीएफ बारा महिन्यांनंतर विकला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, फंडाला त्यासाठी चोवीस महिने थांबावं लागतं. सरकारी सुवर्णरोख्यांची नवी विक्री फेब्रुवारी २०२४ नंतर झालेली नाही.

आता घेतलं नाही तर कधीच नाही, या वाटण्यावर जरा थांबू. २०१२ मध्ये सोनं तोळ्याला ३१ हजारांच्या आसपास होतं. २०१८ मध्येही जवळपास तेवढंच. सहा वर्षं महागाई वाढत राहिली, सोनं हललं नाही. आपल्याकडचा भाव जागतिक भाव, रुपया-डॉलर आणि आयात शुल्क या तिघांवर चालतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्के केलं आणि त्याच दिवशी भाव खाली आला. महागाईपेक्षा अनिश्चिततेशी सोन्याचं नातं जास्त जवळचं आहे : युद्ध, डॉलरवरचा अविश्वास, मध्यवर्ती बँकांची खरेदी. म्हणून थोडं असावं. एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्के. तीन लाख एकदम न टाकता दहा-बारा महिन्यांत विभागा. वाढून वाढून सोन्याचा वाटा पंधरा टक्क्यांवर गेला की नवा पैसा दुसरीकडे वळवा. वीसवर गेला की थोडं विका. आणखी वाढेल म्हणून वाटा तसाच ठेवणं ही सट्टेबाजी झाली, मग ते सोनं का असेना.

चांदीबद्दलही विचारलंय. चांदी कारखान्यांत वापरली जाते, त्यामुळे ती सोन्यापेक्षा कितीतरी जास्त वर-खाली होते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्या मागे जाऊ नये.

प्रश्न : सहा एकर ऊस, दोन एकर हळद. उसाचं बिल हप्त्या-हप्त्याने मिळून ९ लाख येतं. ४० क्विंटल हळद भाव वाढेल म्हणून ठेवलीय. सोसायटीचं पीक कर्ज अडीच लाख, पतसंस्थेचं ट्रॅक्टर कर्ज ४ लाख, १३ टक्क्यांनी. शेजारी म्हणतात महागाईत जमीनच खरी, सांगलीजवळ प्लॉट घे. काय करू? — एक शेतकरी, वाळवा तालुका

महागाई तुम्हाला दोन्ही बाजूंनी लागते, म्हणून तुमच्या उत्तराला जरा जास्त जागा देतोय. २०१८-१९ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान भाव, टनाला २,७५० होती, २०२५-२६ ला ३,५५०. मधल्या काळात उताऱ्याचा (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाचा) पाया १० वरून १०.२५ टक्के झाला. तो फरक धरला तर वाढ वर्षाला तीन-साडेतीन टक्के पडते. तुमचं खत, मजुरी, डिझेल याच वेगाने वाढलं का, हे तुम्हीच सांगा. म्हणजे उसाची कमाई महागाईच्या मागे राहते. ती भरून काढायला दुसरा आधार हवा, आणि तो शेतीशी न जोडलेला हवा.

पण त्याआधी कर्ज. पतसंस्थेचे ४ लाख आधी फेडा. १३ टक्के व्याज वाचवणं म्हणजे १३ टक्के हमखास, करमुक्त मिळवणं. असा परतावा देणारी ठेव कुठेही नाही. सोसायटीचं अडीच लाख मुदतीच्या आत भरा. तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला केंद्राची वेळेत फेडीची तीन टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं, पण मुदत चुकली की दोन्ही जातात. ऊसबिलाचा हप्ता लांबला तरी ही तारीख लांबत नाही. कायद्याने गाळपानंतर १४ दिवसांत पैसे द्यायला हवेत, प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून पीक कर्जाएवढी रक्कम पहिल्याच हप्त्यातून वेगळी काढा.

दोन्ही कर्जं फिटल्यावर ९ लाखांतले अडीच लाख उरतात. ते पुढच्या हंगामापर्यंत घर आणि शेती चालवायला स्वीप ठेवीत ठेवा. म्हणजे उसाच्या पैशातून या वर्षी नवी गुंतवणूक होणार नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

हळदीचा हिशेब वेगळा करा. क्विंटलला १४ हजार भाव धरला तर ४० क्विंटल म्हणजे ५ लाख ६० हजार. या मालात अडकलेल्या पैशावर तुमच्या ट्रॅक्टर कर्जाएवढंच, १३ टक्के व्याज धरू. म्हणजे थांबण्याचा खर्च महिन्याला सहा हजार, क्विंटलमागे दीडशे रुपये. गोदामाचं भाडं आणि वजनातली घट वेगळी. सहा महिने थांबलात तर भाव किमान हजार रुपयांनी वाढायला हवा, तेव्हा कुठे बरोबरी होते. म्हणून निम्मी हळद आत्ता विका, निम्मी ठेवा. ठेवलेल्या मालाला भाव लिहून ठेवा : एवढ्याला विकायची, आणि अमुक महिन्यानंतर कितीलाही विकायची. वायदे बाजाराच्या नादी लागू नका. घरात आधीच हळद आहे, त्यावर हळदीचाच सौदा म्हणजे जोखीम दुप्पट. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांत) पाणी शिरलं तेव्हा ज्याचा सगळा माल तिथे होता तो सगळाच गेला. पैशाचंही तसंच असतं, आणि तुमचा सगळा पैसा आधीच एका तालुक्याच्या मातीत आहे.

प्लॉट नको म्हणतो तेही त्याच कारणाने. तुमच्याकडे आठ एकर जमीन आहेच. प्लॉटला मुद्रांक, नोंदणी, दलाली लागते, भाडं येत नाही आणि गरजेला चार गुंठ्यांतला अर्धा गुंठा विकता येत नाही. बिनशेती आदेश नसलेल्या गुंठेवारीच्या प्लॉटांच्या तर वाटेलाही जाऊ नका.

हळद विकून आलेले पैसे, कर्जं फिटल्यावर, लिक्विड फंडात टाका आणि तिथून दरमहा ठरावीक रक्कम निर्देशांक फंडात जाईल अशी एसटीपी लावा. दरमहा पगार नसणाऱ्याला एसआयपीपेक्षा ही सोय बरी, कारण हप्त्याच्या तारखेला बँक खात्यात पैसे असण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त प्रत्येक महिन्याला लिक्विड फंडातून निघणाऱ्या रकमेत थोडा नफा असतो आणि तो करपात्र असतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, त्याच्या ठेवीवरचं व्याज नाही, हे बऱ्याच जणांना नोटीस आल्यावर कळतं.

प्रश्न : मुलीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाला दोन वर्षं आहेत. ६ लाख मिड कॅप (मध्यम आकाराच्या कंपन्यांच्या) फंडात आहेत, चांगले वाढलेत. काढावेत का? — कऱ्हाड

हो. पहिल्या दोन वर्षांची फी आणि वसतिगृह एवढी रक्कम आत्ताच राष्ट्रीयीकृत बँकेच्या ठेवीत आणा. उरलेली पुढच्या अठरा महिन्यांत काढा. काही युनिटं ३१ मार्चच्या आधी आणि काही १ एप्रिलनंतर विकलीत तर सव्वा लाखाची करमुक्त मर्यादा दोनदा मिळेल. फंड आणखी वाढेल का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. प्रवेशाची तारीख बाजार बघून ठरत नाही.

प्रश्न : ओळखीचे एक जण महिन्याला ३ टक्के देतात, सहा महिने वेळेवर मिळाले. रक्कम वाढवू का? — सातारा

वाढवू नका, आहे ती काढा. महिन्याला ३ टक्के चक्रवाढीने वर्षाला साडेबेचाळीस टक्के होतात. कायदेशीर धंद्यात एवढं कायमचं कुणी देऊ शकत नाही. पहिले सहा महिने वेळेवर देणं हा अशा योजनांचा नेहमीचा भाग असतो, आणि ते पैसे बहुधा नव्या ठेवीदारांचेच असतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावर त्यांचा नोंदणी क्रमांक शोधा. क्रमांक मागितल्यावर जो नोटरी केलेला करार किंवा कोरा चेक पुढे करतो, तो नोंदणीकृत नाही. पैसे अडकलेच तर एकट्याने तगादा लावत बसू नका. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार करा, ठेवीदारांच्या हितरक्षणाचा एमपीआयडी कायदा त्यासाठीच आहे. तक्रारीसोबत बँकेचा उतारा लागतो. रोखीने दिलं असेल तर काम अवघड होतं.

प्रश्न : पीपीएफचं व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ वरच आहे. अजून भरावं का? — मिरज

जुन्या करपद्धतीत वजावट घेत असाल किंवा ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर जरूर, कारण ७.१ टक्के करमुक्त म्हणजे त्या टप्प्यातल्या माणसाला दहा टक्क्यांच्या ठेवीएवढे पडतात. कर लागतच नसेल तर ओढ कमी होते, पण पंधरा वर्षांचा पैसा म्हणून थोडं चालू ठेवायला हरकत नाही. खातं बंद पडू नये म्हणून वर्षाला किमान ५०० भरावेच लागतात. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात. तेव्हा दीड लाख एकदम भरणार असाल तर ५ एप्रिलच्या आत भरा. चेकने भरत असाल तर तो वठायला लागणारे दिवस धरून मार्चअखेरीला देऊ नका, नाहीतर रक्कम आदल्या वर्षात मोजली जाऊन मर्यादेचा घोळ होतो. १ एप्रिलला ऑनलाइन भरणं सर्वांत सुटसुटीत.